पंचफुलामावशीची खिरापत

माझी शिलाई मशीन आज माझ्या घरात, खिडकीखाली, तिच्या जागेवर उभी आहे ती पंचफुलामावशीमुळे. आधी तिचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. नाहीतर मी माझ्या भीतीचंच सांगत बसेन आणि मावशी मागे राहील. आणि मावशी मागे राहणारी बाई नाही. नळावर असो, लग्नाच्या मांडवात असो, की कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या रांगेत, ती कायम पुढे.

तिची एक सवय आख्ख्या आंजी गावाला ठाऊक होती. कुठलीही बंद वस्तू हातात आली की ती कानाशी धरायची आणि हलवायची. नारळ सगळेच हलवून घेतात. मावशी आगपेटी हलवायची, औषधाची बाटली हलवायची, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला म्हणायची, "हलवून दाखव बापा, मंग उतरव." भाचीच्या लग्नात आहेर म्हणून आलेलं भिंतीवरचं घड्याळ तिने खोक्यासकट मांडवात हलवलं आणि "काटा सुटेल हाय" असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. खोकं उघडलं तर काटा खरंच सुटलेला. तो आधीच सुटला होता की मावशीच्या हलवण्याने सुटला, यावर त्यांच्या घरात अजूनही एकमत नाही.

ही सवय तिला लागली भुलाबाईमुळे. आमच्या कोल्हापूरकडे हादगा, तशी इकडे विदर्भात भुलाबाई. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी मांडतात, संध्याकाळी गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात. शेवटी घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. तो हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत खिरापत कोणती ते ओळखायचं. नाही ओळखलं तर "हरलो" म्हणायचं, मग झाकण उघडतं. "म्या जन्मात कधी हरलो म्हटलं नाई," असं मावशी सांगायची, आणि तिचे यजमान सदाशिवकाका शेजारी बसून मान डोलवायचे. काका दिवसभरात दोन-चार शब्द बोलले तर बोलले. "माह्या वाट्याचं म्या बोलतो, अन् यायच्या वाट्याचंही म्याच बोलतो," मावशी म्हणायची, "दोन माणसायचं काम हाय माह्या तोंडाले."

मी आंजीत आले ती लग्न होऊन. आमचे हे जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर. सरकीची पोती घेऊन निघाले की कधी आठवड्याने परत, कधी त्याहून उशिरा. मी आठवीतच शाळा सोडलेली, पण मशीनवर हात चांगला बसला होता, म्हणून आईने माझ्यासोबत मशीन दिली. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये एक दिवस आणि एक रात्र त्या मशीनच्या डोक्यावर हात ठेवून मी वर्ध्याला उतरले. तिथून आंजीपर्यंत काळीपिवळीच्या टपावर ती दोराने बांधून आणली.

मशीन उतरवत होतो तेव्हा समोरच्या घरातून एक उंच, काळीसावळी बाई पदर खोचत आली. मला नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. मशीनचा छोटा खण निसटून बाहेर आला होता तो तिने उचलला, उघडला नाही, कानाशी नेला.

"बटनं," ती म्हणाली. पुन्हा हलवला. "रिळं. एक कैची. अन् आणखी काई तरी हाय, वजन लागते, पण वाजूनच नाई राह्यलं. म्हणजे मायनं देल्ली असंन वस्तू. माय कापडात गुंडाळून देते."

मी खण उघडला. आईने जुन्या ब्लाऊजपीसमध्ये गुळाचा खडा गुंडाळून ठेवला होता. मलाही माहीत नव्हतं. गाडीत न आलेलं रडू तिथे आलं. मावशीने मला रडू दिलं आणि तेवढ्यात गुळाचा एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला, एक काकांना दिला, एक माझ्या तोंडात कोंबला. "अवं माय! हा गूळ व्हय? मंग आम्ही आजवर काय खाल्लं वं?" मी डोळे पुसत गुऱ्हाळ कसं असतं ते सांगितलं: मोठी काहिल, खालचा जाळ, वर उसळणारा रस, गावभर सुटलेला वास. मावशी तोंडातला गूळ चघळत डोळे मिटून ऐकत होती. "एक डाव मले दाखवजो," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती माझी मावशी.

माझ्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा टायवाला पोरगा आमच्या गल्लीत यायला लागला. मोबाईल तेव्हा हातोहाती आले नव्हते. माझ्या माहेरी शेजारच्या घरात फोन होता. मी रविवारी बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर जायची, आई तिकडे शेजारी येऊन बसायची. मागे रांग असायची, त्यामुळे मनातलं काही बोलता यायचं नाही. "जेवलीस का?" "जेवले." "बरं आहे ना?" "बरं आहे." संपलं.

हा पोरगा भर दुपारी यायचा, माणसं वावरात गेल्यावर. त्या उन्हातही गळ्यात टाय, पाठीला काळी बॅग. बॅगेत बिनतारेचा फोन. "ताई, खांब नको, तार नको. टेबलावर ठेवला की चालू. आईशी रोज बोला." माझ्या आईचं याला कुणी सांगितलं, असं मला वाटलं. आता कळतं की दूरच्या गावाहून आलेल्या प्रत्येक बाईला आई असतेच.

"हे आले की विचारते," मी म्हटलं.

"ऑफर आजचीच आहे ताई. आणि खरं सांगू? माझा आज एकच फॉर्म बाकी आहे. शेवटचा. हा भरला तर नोकरी राहते, नाहीतर उद्यापासून घरी. घरी आई आजारी आहे." त्याने टायने घाम पुसला. "नको वाटला तर नंतर बंद करा. त्यात काय?"

आता कुणी म्हणेल, सही का केलीस. इथली एक रीत मी इथे येऊन शिकले होते. दारी आलेला माणूस पाणी पिऊन, चहा घेऊन गेला पाहिजे आणि शक्यतो रिकाम्या हाती जाऊ नये. गल्लीतल्या बाया भाजीवालीकडून गरज नसताना वांगी घेतात, बांगडीवाल्या आजीकडून हातात मावत नाहीत तरी बांगड्या भरून घेतात. मी नवी होते, मला ही रीत नीट पाळायची होती. पोरगा माझा चहा प्यायला होता, त्याची नोकरी माझ्या हातात होती. मी सही केली. धंदा काय म्हणून त्याने विचारलं, मी अभिमानाने "शिवणकाम" सांगितलं, त्याने तेही लिहून घेतलं.

तो फोन घरात लागायचा नाही. शिडीने स्लॅबवर चढायचं, फोन लेकरासारखा कडेवर घ्यायचा, टाकीच्या बाजूला एका कोपऱ्यात उभं राहायचं, तेव्हा कुठे आईचा आवाज यायचा आणि तोही तुटत तुटत. बंद करा म्हणून सांगायला कंपनीत फोन केला, तर एक दाबा, दोन दाबा करत शेवटी एक बाई म्हणाली, "मॅडम, दोन वर्षांचा करार आहे. सही तुमचीच आहे ना?" मी बिल भरणं थांबवलं, तेव्हा रोज दुपारी एका माणसाचा फोन यायला लागला. आईचा आवाज घरात पोचत नव्हता, याचा मात्र बरोबर पोचायचा. नाव सांगायचा नाही. "शिवणकाम करता ना? मशीन आहे ना घरात? पैसे भरा, नाहीतर गाडी पाठवतो. मशीन उचलून नेतील."

हे सरकी घेऊन हैदराबादकडे गेले होते. मी कुणालाच बोलले नाही. मशीनवर गोधडी टाकली, पुढे धान्याचं पोतं ठेवलं. आवाज बाहेर जाईल म्हणून मशीन चालवणं बंद केलं. दसऱ्याचे ब्लाऊज खुंटीवर तसेच लटकत राहिले. गल्लीत मोटारसायकल वाजली की मी दाराला आतून कडी घालायची.

त्याच दिवसांत भुलाबाई बसली होती. मावशीच्या अंगणात रोज संध्याकाळी मुली जमायच्या, मुलींच्या मागे बाया. एक दिवस खिरापतीची पाळी माझ्यावर आली. मी आमच्याकडचं भडंग करून नेलं. मावशीने डबा कानाशी धरला.

"हलकं हाय. सरसर करून राह्यलं. मुरमुरे." नाक झाकणाला लावलं. "अन् लसूण!"

मुलींनी टाळ्या पिटल्या. मावशीने डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग उठून आली, माझे दोन्ही खांदे धरले आणि सगळ्यांदेखत मला गदागदा हलवलं.

"आता हा डबा ओळखा वं पोट्टीहो! हिच्यात काई तरी वाजून राह्यलं. इतके रोज झाले, हिच्या घरून मशीनची टकटक नाई. सणाचे ब्लाऊज पडून हाय अन् बाई कुलूप लावल्यावानी गप. काऊन वं?"

मुली हसत होत्या. मीही हसायला गेले आणि सगळं बाहेर पडलं. फोन, सही, दोन वर्षं, तो माणूस, गोधडीखालची मशीन. "मी तरी काय करणार होते मावशी, त्याचा शेवटचा फॉर्म होता. नोकरी जात होती त्याची."

मग कोपऱ्यातून मंदाकाकूचा आवाज आला. मंदाकाकू म्हणजे अंगणवाडीत खिचडी शिजवणारी, तोंडाने फटकळ. "मले बी शेवटचाच म्हणे."

"मलेही," आणखी एक जण.

"माह्या घरी तर रडला थो. शेवटचा म्हणून."

"अवं, किती शेवटचे हाय याचे!"

सगळ्यात मागे पार्वताआजी बसली होती. ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी, डोळ्यांनी अधू. ती हळूच म्हणाली, "मले तं म्हणे इंटरनेट घे आजी. केळझरचा गणपती घरीच दिसंन म्हणे, वारी घडंन. म्या रोज थ्या फोनापुढं दिवा लावतो. अजून तं काई दिसला नाई."

आधी कुणालाच हसावं की काय ते कळेना. मग मावशीने हात कपाळावर मारला आणि जे हसू फुटलं ते थांबेना. पार्वताआजी स्वतः सगळ्यात जास्त हसली. मी रडत होते ते हसण्यात केव्हा गेलं, मला कळलं नाही. माझ्या छातीवरचा धोंडा अर्धा तिथेच उतरला. इतके दिवस मला वाटत होतं, आंजीत मूर्ख मी एकटीच.

"तुमच्याकडे नाही आला का तो?" मी मावशीला विचारलं.

"आलता ना. म्या हलवला त्याचा फोन. आत काईच वाजून नाई राह्यलं. म्हटलं बापा, म्या दोघायचं बोलतो, फोन कोणासंग बोलंन? पण पोरगा उन्हातून आलता, रिकाम्या हाती कसा धाडू? वेलावरची लवकी तोडून देल्ली. गेला लवकी घेऊन."

म्हणजे रीत मावशीनेही पाळली होती. फक्त सहीच्या जागी दुधी दिला होता. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोंगळे, म्हणजे गुडघे, दुखत असूनही मावशी शिडीने आमच्या स्लॅबवर चढली. मी खालून तिला ढकलत होते, काका शिडी धरून उभे. माझ्याच फोनवरून, फॉर्मवरच्या नंबरावर, तिने टायवाल्याला फोन लावला.

"हॅलो! म्या पंचफुला. हाव, लवकीवाली. आयक, आमच्या गल्लीतल्या साऱ्या बाया आज संध्याकाळी एका जागी सापडतेत. हाव, साऱ्या. तुह्या साहेबालेही घेऊन ये. भुलाबाईची खिरापत खाऊन जा दोघं." तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "एक शब्द खोटा बोलली काय वं म्या?"

नव्हती बोलली.

संध्याकाळी दोघं मोटारसायकलवर आले. साहेब गोरा, गुटगुटीत, खिशाला दोन पेनं. इतक्या बाया एकत्र पाहून त्याचा चेहरा खुलला. मावशीने खुर्च्या दिल्या, चहा दिला, आलूपोहा दिला. मुलींनी गाणी म्हटली, साहेबाने पायाने ताल धरला. मग मावशीने भुलाबाईपुढे डबे मांडायला लावले. एक माझा स्टीलचा, एक मंदाकाकूचा पितळी, कुणाचा बिस्किटांचा पत्र्याचा, आणि पार्वताआजीची तर ट्रंकच. सगळे झाकलेले.

"पाहुण्यायनं ओळखा लागते," मावशी म्हणाली. "आमची रीत हाय."

साहेब रंगात आला होता. त्याने माझा डबा उचलून हलवला. आतून धप असा आवाज आला. "लाडू!"

"नाईऽऽ!" मुली ओरडल्या.

"शंकरपाळे? नाही? पेरू?"

"नाईऽऽ!"

"साहेब, हरलो म्हणा लागते."

"हरलो बुवा, हरलो!" साहेब हसत म्हणाला.

मावशीने झाकण काढलं. आत फोन होता, वायर गुंडाळलेली, वर हळदकुंकवाचं बोट. दुसरा डबा उघडला, फोन. तिसरा, फोन. ट्रंकेत पार्वताआजीचा फोन, त्याला झेंडूचं फूल वाहिलेलं.

साहेबाचं हसू जागच्या जागी थांबलं. मावशी मात्र अजून गोडच बोलत होती. "साहेब, तुमचीच वस्तू हाय. तरी डबा उघडल्याबिगर तुमाले नाई समजली. आमच्या बायाईले बंद डब्यावर सही करा लावली तुमी. आमाले कसं समजंन?"

"हे बघा बाई, करार झालेला आहे. सगळं समजावून सांगितलेलं असतं."

"काय सांगतलं वं?" मावशीने मागे वळून विचारलं.

"शेवटचा फॉर्म!" सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या. मुलींना तो सूर इतका आवडला की त्यांनी टिपऱ्यांवर दोनदा पुन्हा म्हटला.

साहेब पोराकडे वळला. "सगळ्यांना शेवटचा?"

पोराचं तोंड एवढंसं झालं. "साहेब, तुम्हीच तर शिकवलं. तसंच म्हणायचं म्हणून."

"अन् माय आजारी हाय थेही यायनंच शिकवलं काय?" मावशी कडाडली.

"नाही मावशी," पोरगा खाली बघत म्हणाला. "ती खरंच आहे."

मावशी गप्प झाली. तिला गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काकांनीसुद्धा दचकून मान वर केली.

साहेब उठायला लागला. "मी ऑफिसला विचारून कळवतो."

"बसा," मावशी म्हणाली. "खिरापत खाल्ल्याबिगर भुलाबाईच्या दारून कोणी जात नाई. अन् हे डबे रिकामे झाल्याबिगर खिरापत कायच्यात वाढू? घाई नाई आमाले. आज नाई जमलं तं उद्या आम्ही साऱ्या तुमच्या वर्ध्याच्या हापिसात येतो. भुलाबाई तिथंच मांडतो. कोजागिरीपर्यंत रोज गाणे म्हणतो. पोट्टीहो, किती गाणे येते तुमाले?"

"गंऽऽज!" म्हणजे पुष्कळ, मुली म्हणाल्या आणि एकीने लगेच सुरुवातही केली.

साहेबाने गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या मोटारसायकलभोवती वावरातून परतलेली माणसं नुसती उभी होती, विड्या ओढत. तो परत खुर्चीत बसला. खिशातलं पेन काढून त्याने प्रत्येक बाईला फोन परत मिळाल्याचं, करार बंद झाल्याचं आणि काही बाकी नसल्याचं लिहून सही करून दिलं. माझ्या कागदावर मावशीने आणखी एक ओळ लिहायला लावली: यांच्या घरी कोणी माणूस पाठवणार नाही, फोन करणार नाही. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग कागदाची घडी करून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

मग डबे रिकामे झाले आणि खिरापत आली, खोबरं-साखर आणि वर्ध्याहून आणलेली गोरसपाकाची बिस्किटं. दोघांनाही पोटभर खाऊ घातलं. जाताना पोराच्या काळ्या बॅगेत मावशीने वेगळी पुडी बांधून घातली, "तुह्या मायले देजो," आणि वर एक दुधी. सगळे फोन दोघांच्या हातांत मावेनात, म्हणून एका पोत्यात भरून मोटारसायकलला बांधून दिले. साहेबाने गाडीला किक मारली तेव्हा मावशी दारातून ओरडली, "रिकाम्या हाती नाई धाडत बापा आम्ही कोणाले!"

पंधरा दिवस तरी मला भीती वाटत होती. कागद असला म्हणून काय, माणसं येतीलच, असं मन म्हणायचं. ज्या वेळी तो फोन यायचा त्याच वेळी, रोज दुपारी, मावशी तुरीची डाळ निवडायला सूप घेऊन माझ्या मशीनशेजारी येऊन बसायची. "चालव वं मशीन. टकटक आयकल्याबिगर मले डुलकी नाई येत." मी पाय चालवायची, ती भिंतीला टेकून झोपायची, सूप मांडीवर तसंच. दसऱ्याचे सगळे ब्लाऊज दसऱ्याच्या आत गेले. हे हैदराबादहून आले तेव्हा त्यांना ही गोष्ट आधी पार्वताआजीने सांगितली, हसत हसत, आणि मला ओरडा बसायचा राहूनच गेला.

तो पोरगा पुढच्या उन्हाळ्यात एकदा आला होता, टाय न लावता. वर्ध्याला कापडाच्या दुकानात लागला होता. मावशीसाठी लुगडं घेऊन आला. मावशीने पुडकं हलवलं. "काई वाजत नाई," ती म्हणाली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

आता मावशी आंजीत नाही. टोंगळ्यांनी अगदीच हात टेकले, तेव्हा वडनेरला लेकीकडे गेली, काकांना घेऊन. निघायच्या दिवशी माझ्या घरी आली, मशीनचा खण काढला, कानाशी धरला. "बटनं, रिळं, कैची," ती म्हणाली. "गूळ संपला वं तुह्या मायचा." मग काळीपिवळीत बसली आणि ड्रायव्हरला हाताने खुणावून पुढची सीट मागून घेतली.

मी अजून आंजीतच आहे. दर वर्षी भुलाबाई बसली की मला तिची जागा रिकामी दिसते आणि मुलींना डबा ओळखता येत नाही. मावशी, हे मी लिहून ठेवते म्हणजे मला मागे हटता येणार नाही. मशीनवर शिवून शिवून मी दोन तिकिटांचं जमवीन, तिसरं काकांचं. वर्ध्याला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये तुला खिडकीशी बसवीन. कुठे नेते ते सांगणार नाही. कोल्हापूरच्या अलीकडे डोळे मिटायला लावीन, गुऱ्हाळाच्या दारात नेऊन उभी करीन, आणि जाळ, वाफ, उसळता रस तुझ्यासमोर येईपर्यंत हात सोडणार नाही. तुला वास येईल आणि तू ओळखशीलच, मला माहीत आहे. पण एकदा, माझ्यासाठी, हरलो म्हण.